नव्या दुर्बिणीतलं धुकं

आमच्या घराण्याला बेंगळुरात येऊन तीन-चारशे वर्षं झाली, पण नव्या वस्तूबरोबरचं माहितीपुस्तक न वाचण्याची चाल काही सुटली नाही. निवृत्तीनंतर अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, पक्ष्यांच्या नादी लागला आणि त्यानं एका डोळ्यानं बघायची, तिपाईवरची मोठी दुर्बीण घेतली. दुकानदार तिला स्पॉटिंग स्कोप म्हणाला. पुस्तक अर्थातच खोक्यात राहिलं.

होसकोट्याच्या तळ्यावर पहिल्याच सकाळी अण्णा वैतागला. "कडेला काळे काळे चंद्र फिरतात की रे!" आसपास पक्षीमित्र होतेच, दहा खिशांची जाकिटं घालून बगळ्याशीही इंग्रजीत बोलणारे. एक म्हणाला भिंगच सदोष, दुसरा म्हणाला परत करा. उचलली जीभ लावली टाळ्याला! मी पुढं झालो आणि डोळ्याकडची रबरी वाटी खाली फिरवली. चष्मेवाल्यानं ती खालीच ठेवायची असते. चंद्र गेले. उन्हं चढल्यावर चित्र लवलवायला लागलं, तेव्हा ती पाण्यावरची गरम हवा आहे, जरा लवकर उठत जा, असंही मी अण्णाला सुनावलं. जाकीटवाल्यांपुढं माझी कॉलर ताठ झाली होती.

ते कुठल्याशा दुर्मीळ पक्ष्यामागं पळाल्यावर अण्णा हळूच म्हणाला, "तरी सगळ्यावर पांढुरकं धुकं दिसतंय. स्वल्प बघ की."

मी डोळा लावला. मलाही धुकंच दिसलं. पण मोतीबिंदूची सुरुवात आहे असं डॉक्टरांनी मला मागच्याच वर्षी सांगितलं होतं आणि ते मी घरात कुणाला कळू दिलं नव्हतं. आत्ताच सगळ्यांना शहाणपण शिकवलेल्या माणसानं आपलेच डोळे गेले म्हणायचे? मी ठसक्यात म्हणालो, "मला तर लख्ख दिसतंय. पाणकावळ्याची पिसं मोजून देऊ?"

अण्णानं तिपाई मिटली. आमचे वडील शेवटची सहा वर्षं पूर्ण आंधळे होते. त्यांचा हात धरून त्यांना न्हाणीत नेण्याचं काम अण्णाचंच होतं.

त्यानंतर दहा दिवस तो बसवनगुडीच्या घरात एक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर वाचायचा, मग दुसरा झाकून. जे. पी. नगरच्या डॉक्टरांनी डोळे ठणठणीत आहेत असं सांगितलं. अण्णा म्हणाला, "धीर द्यायला म्हणतात ते. तुला दिसतं आणि मला दिसत नाही, मग आणखी काय पुरावा पाहिजे?" त्यानं स्कूटरची किल्ली वहिनीच्या हातात दिली आणि तळ्यावर जाणं बंद केलं. एवढं होऊनही मी तोंड उघडलं नाही. शहाणा ना मी!

मग एका संध्याकाळी वहिनीनं केर काढताना दुर्बीण गच्चीत ठेवली. तिरकं ऊन पुढच्या भिंगावर पडलं आणि काचभर पसरलेला गंधाचा फराटा दिसला. आम्ही सगळ्यांनी डोळ्याकडची काच शंभरदा पुसली होती. पुढची काच कुणी बघितलीच नव्हती.

वहिनी म्हणाली, "आयुधपूजेला लावलं होतं की, तुम्ही तळ्यावर नेण्याआधी. ओघळलं म्हणून पदरानं पुसलं."

आमच्याकडं खंडेनवमीला स्कूटर, मिक्सर, विजेचा मीटर, कुणीही गंधावाचून सुटत नाही. दुर्बिणीचं कपाळ कुठलं म्हणून वहिनीनं सगळ्यात चकाकणारा भाग निवडला. हसू आलं, आणि लगेच माझं तळ्यावरचं 'लख्ख' आठवलं. गुपचूप पुसून ठेवावं, असं मनात आलं नाही असं नाही. पण आत अण्णाचं एकडोळी कॅलेंडरवाचन चालू होतं. मऊ कापडानं काच स्वच्छ केली आणि त्याला हाक मारली.

समोरच्या टाकीवर घार बसली होती. अण्णानं डोळा लावला, चाक फिरवलं आणि लहान पोरासारखा ओरडला, "चोच बघ तिची! नख दिसतंय, नखसुद्धा!" वहिनीनं गंधाचा कबुलीजबाब दिला. तो खो खो हसला, तिला म्हणाला, "सरी, ठीक आहे, पुढच्या वर्षी तिपाईला लाव." पुन्हा डोळा लावून त्यानं बराच वेळ घार बघितली.

मग तो सरळ झाला आणि माझ्याकडं वळला.

"गंध तर त्या दिवशीही होतं. तुला लख्ख कसं दिसलं रे?"