पैलवानाचं मनगट

आमच्या लेकाचं मनगट रुंद आहे, हा शोध तो नऊ महिन्यांचा असताना सासूबाईंनी लावला. अंघोळ घालताना त्यांनी त्याचा हात उचलून मला दाखवला. "बघ, कसं भरलंय! पैलवान व्हनार हे लेकरू." मलाही कोण अभिमान वाटला.

कौतुकामागोमाग नजरेची भीती आलीच. काळ्या मण्यांच्या मनगट्या घट्ट व्हायला लागल्या, तशा सासूबाईंनी मोठ्या ओवल्या आणि पैलवानाचा मुक्काम आमच्या बदनापूरच्या घरातल्या आतल्या खोलीत हलवला. अंगणात आणलाच, तर दुपट्यात पार गुंडाळून.

वर्ष उलटलं तरी गडी उभा राहीना. हात धरून उभं केलं की पाय दुमडून खाली बसायचा. मुडदूस तर नसेल? मी रोज त्याचे पाय निरखायची. मुडदूस म्हणजे फेंगडे पाय, एवढंच मला ठाऊक, आणि त्याचे पाय तर छान सरळ होते.

"वजनदार हाय, बसूनच राज्य करील," सासूबाई म्हणायच्या.

शेवटी दोघी त्याला घेऊन जालन्याला गेलो. डॉक्टरीणबाईंनी पायांकडे नंतर बघितलं. आधी मनगट चाचपलं, मग बरगड्या. मनगटाचा एक्स-रे झाला. मुडदूसच निघाला.

"पण पाय सरळ आहेत!" मी जवळजवळ भांडलेच.

"अहो, अजून त्यांच्यावर भार पडलाय कुठे? वयाप्रमाणे खुणा बदलतात. अगदी तान्ह्याची कवटी मऊ लागते, रांगत्याचं मनगट रुंदावतं, पाय वाकतात ते चालायला लागल्यावर. वेळेत आणलंत, औषधानं सुधारेल. आणि याला जरा उन्हात आणा."

परतताना रिक्षात सासूबाईंनी त्याचं मनगट हातात घेतलं. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजी मी दुखन्यालाच पैलवान म्हनून राह्यले व्हते?" मला हसूही आलं आणि रडूही.

औषध सुरू झालं. रोज सकाळी पैलवान नुसत्या चड्डीवर अंगणात. कुणी बाई कुंपणापाशी थांबली की सासूबाई तिच्याकडे अशा बघायच्या, की ती बिचारी मुकाट पुढे जायची.

काही महिन्यांनी एका सकाळी मी कणीक मळत होते. अंगणातून सासूबाईंचा आवाज आला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा:

"या गं समद्या जल्दी! बघा, लावा नजर किती लावायची ती!"

मी पिठाच्या हातांनी धावले. त्यांचा गुडघा धरून तो उभा होता.