प्रशांतच्या जागेवर

भोकरदनला मला सगळे ‘फौजी’ म्हणतात. सुरुवातीला मी समजावून सांगायचो की मी नौदलात होतो, भूदलातला फौजी वेगळा आणि आम्ही वेगळे. मग सोडून दिलं. जिथून समुद्र गाठायला आख्खी रात्र एसटीत काढावी लागते, तिथं हे सांगत बसणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

मी मूळचा धावड्याचा. नोकरीची शेवटची वर्षं मी विमानवाहू जहाजाच्या फ्लाइट डेकवर चीफ पेटी ऑफिसर होतो. विमानं उडवणारे वेगळे. ती हलवायची, जागेवर लावायची आणि साखळ्यांनी बांधायची, हे आमच्या टोळीचं काम. बैलगाडी उतारावर उभी केली की चाकाला दगड लावतात, तसे आम्ही विमानाच्या चाकांना लाकडी ठोकळे लावतो. त्यांना चॉक म्हणतात.

प्रशांत आमचा चॉकमन होता. माझ्या चुलतभावाचा मुलगा, जाफराबादचा. भाऊ लवकर गेला. बारावीनंतर भरतीची वाट प्रशांतला मीच दाखवली, आणि योग असा की तो माझ्याच जहाजावर आला. डेकवर मला ‘चीफ’ म्हणायचा, मेसमध्ये ‘काका’. मेसच्या जेवणाला तिखट नाही म्हणून रोज कुरकुरायचा आणि आईनं दिलेली जवसाची चटणी कुणाला चाखूही द्यायचा नाही. लवकरच बढती मिळून लीडिंग सीमन झाला.

त्या दिवशी समुद्र खवळलेला होता. दुपारी एक विमान खालच्या मजल्यावर उतरवणाऱ्या लिफ्टकडे न्यायचं होतं. कॉकपिटमध्ये ब्रेकवर एक सीमन बसला होता. जहाजानं उजवीकडे मोठा झोका खाल्ला, ब्रेक धरेना आणि विमान कडेकडे घसरू लागलं.

“चॉक!”

मी ओरडलो तेव्हा प्रशांत आधीच पळाला होता. पहिला चॉक सरकला. दुसरा त्यानं अंगाचा भार देऊन चाकाखाली दाबला. विमान थांबलं, पण त्याची शेपटी फिरली आणि त्या फटक्यानं प्रशांत कडेच्या जाळीपलीकडे गेला.

“मॅन ओव्हरबोर्ड. स्टारबोर्ड साइड.” माणूस पाण्यात, उजवी बाजू, असं मी वायरलेसवर कळवलं.

“ब्रिज. रॉजर,” जहाज चालवणाऱ्यांकडून उत्तर आलं.

जहाज वळलं, हेलिकॉप्टर उडालं. अंधार पडेपर्यंत शोधलं, दुसऱ्या दिवशीही शोधलं. हेल्मेट सापडलं, प्रशांत सापडला नाही. कॉकपिटमधला सीमन मात्र धडधाकट खाली उतरला.

जाफराबादला आम्ही फोटोपुढे बुद्धवंदना घेतली. घरातले थोरले नाना, म्हणजे माझे सगळ्यात मोठे चुलतभाऊ, चारचौघांत मला म्हणाले, “तूच नेलं त्याला.” मी ऐकून घेतलं, पण मान खाली घातली नाही. मी त्याला मरायला नेलं नव्हतं, कामाला नेलं होतं, आणि ते काम त्यानं बराबर केलं होतं. तेव्हापासून त्या घरात त्याचं नाव घेणं बंद झालं. विषय निघालाच तर ‘ते पोरगं’ म्हणायचे.

काही वर्षांनी त्याची धाकटी बहीण प्रज्ञा नौदलाची परीक्षा पास झाली. आता मुलींनाही जहाजावर घेतात. घरात भडका उडाला.

“एक पोरगं पाण्यात गेलं,” नाना म्हणाले. “आता पोरगी बी घालती का?”

प्रशांतची आई, कौसावहिनी, कापूस वेचणारी, निंदणारी बाई. चार शब्दांत आटोपणारी. ती म्हणाली, “मी जागा पाहून येते. मंग सांगते. तवर कोणी बोलू नका.”

त्या वर्षीच्या फॅमिली डेला कॅप्टनसाहेबांनी तिला आणि प्रज्ञाला खास बोलावलं. त्या दिवशी जहाज घरच्यांना घेऊन समुद्रात जातं आणि हेलिकॉप्टर उडवून दाखवतात. मी वहिनीला आधीच सांगितलं होतं की मेणबत्ती लावता येणार नाही, जहाजावर उघडी आग चालत नाही. फुलं मात्र कार्यक्रम झाल्यावर मागच्या टोकावरून पाण्यात सोडता येतील. ती ‘बरं’ म्हणाली.

मुंबईच्या धक्क्यावर तिनं जहाज खालून वर पाहिलं. “भावजी, जाफराबादचा आख्खा बाजार बसंल का हो यात?”

“बसेल. वर भोकरदनचाही.”

हेलिकॉप्टर सुरू व्हायच्या आधी मी दोघींना ती जागा दाखवायला नेलं. बाकीची कुटुंबं दोरीपलीकडे खुर्च्यांवर बसली होती.

“हीच?”

“हीच.”

ती खाली बसली. डेकवर तळवा टेकवला. मग तिनं कमरेची पांढऱ्या फडक्याची पुरचुंडी काढली. तिला सेफ्टी पिन लावलेली होती.

“वहिनी, इथं नको—”

तोवर पिन निघाली होती. डेकवर चालत्या जहाजाचा वारा असतो. शेवंतीच्या पाकळ्या त्यानं एका झपाट्यात हेलिकॉप्टरपर्यंत नेल्या. पिनही हातातून उडाली.

“होल्ड. होल्ड. फॉड ऑन डेक,” लाउडस्पीकर गरजला.

डेकवर पडलेली कुठलीही बारीक वस्तू म्हणजे फॉड. एक पिन इंजिनात गेली तर माणसं जाऊ शकतात. तरणा लेफ्टनंट लाल होऊन पळत आला.

“चीफ, इन्हें नीचे ले जाइए.”

“काय म्हणून राह्यले ते?” वहिनीनं विचारलं.

मी पिनेचं सांगितलं. “आणि तुम्हाला खाली न्या म्हणतात.”

“म्या न्हाई जाणार. सांडलं म्या, वेचीन बी म्याच.”

आवाज चढला नव्हता, पण ती तिथून हलणार नाही हे मला कळलं. मी लेफ्टनंटना म्हणालो, “सर, ये प्रशांत की माँ हैं.” ते प्रशांतनंतर आलेले, पण नाव त्यांना माहीत होतं. आमच्या टोळीत नव्या माणसाला पहिल्या दिवशी ते सांगितलं जातं. ते सावधान उभे राहिले.

“लाइन में लीजिए, चीफ.”

माझी पोरं डेकच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत खांद्याला खांदा लावून उभी राहिली. खाली वाकायचं, नजर डेकवर ठेवायची आणि सावकाश पुढं जायचं.

वहिनीनं एकदा रांग पाहिली. “ही तं पात हाय,” ती म्हणाली. कापूस वेचताना प्रत्येक बाईला आपली ओळ मिळते, तिला आमच्याकडे पात म्हणतात. दुसरीच्या पातीत शिरायचं नाही आणि आपली अर्धी सोडायची नाही. तिनं पदर खोचला आणि रांगेत उभी राहिली. शेजारी प्रज्ञा.

पाकळ्या वेचत वेचत ती बोलत होती. “रोज करता असं?”

“रोज. उडायच्या आधी.”

“मोठे साहेब बी?”

“सगळे.”

“आन प्रशांत?”

“माझ्या डाव्या हाताला असायचा.” एवढं बोललो आणि मला पुढची पाकळी दिसेना. हाताला लागली तशी उचलली.

पहिल्या फेरीत पिन सापडली नाही. रांग वळली. लोक खुर्च्यांवरून उठून पाहत होते. दुसऱ्या फेरीत अर्ध्यावर प्रज्ञा थांबली. ओरडली नाही, जागा सोडली नाही. आमची पोरं करतात तसा फक्त हात वर केला. साखळी अडकवायच्या खड्ड्यात, कडीच्या खाली पिन होती. लेफ्टनंटनी स्वतः वाकून काढली.

“डेक क्लिअर.”

हेलिकॉप्टर उडालं. वहिनीचं लक्ष तिकडे नव्हतं. ती पोरीकडे पाहत होती.

संध्याकाळी मागच्या टोकावर आमची टोळी सॅल्यूटमध्ये उभी राहिली. वेचलेल्या पाकळ्या वहिनीनं पाण्यात सोडल्या. ती रडली नाही. मी रडलो.

दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन जाफराबादला पोचलो, तर नाना भावकीतल्या दोघांना घेऊन अंगणात बसलेले.

“मंग?” ते म्हणाले. “पाह्यली का त्या पोराची जागा?”

“कोन्या पोराची?” वहिनी म्हणाली.

“कौसा, उगं—”

“तिथं परके लोक त्याचं नाव घेऊन बोलत व्हते, नाना. आपल्या घरात कोणी घेत न्हाई. आधी नाव घ्या. मंग पोरीचं इचारा.”

थोरल्या दिराला असं बोललेलं त्या अंगणानं कधी ऐकलं नव्हतं. नानांनी गमजानं तोंड पुसलं.

“प्रशांत,” ते म्हणाले.

“हां. प्रशांत. त्याच्या जागेवर आज दुसरं पोरगं उभं हाय, म्या पाह्यलं. काम बंद पडलं न्हाई. उद्या मही पोरगी उभी राहील. आता बोला, काय बोलायचं ते.”

भावकीतला एक जण काहीतरी बोलायला गेला. नानांनी त्याला हातानंच थांबवलं.

“प्रशांतची बहीण हाय ती,” ते म्हणाले. “जाऊ द्या तिला.”