कुसुमताईंचे हत्ती

कुसुमताईंना मी प्रथम पाहिले ते ओझरला, एका शिंप्याच्या दुकानात. आम्ही तेव्हा नुकतेच डिंगोऱ्याला राहायला आलो होतो. माझी पत्नी विमल शिवलेले ब्लाउज घ्यायला आत गेली आणि मी दारात उभा राहिलो. ताई उरलेल्या कापडाचे तुकडे निवडत होत्या. बोट ओले करून प्रत्येक तुकडा चोळायचा, रंग बोटाला लागला की बाजूला टाकायचा.

शिंपी वैतागून म्हणाला, "ताई, चिंध्या हायेत, शालू न्हाई."

"शालू कुणी चोखत न्हाई, भाऊ. माझी खेळणी पोरं पहिली तोंडात घालत्यात."

विमल मोठ्याने हसली. बोलता बोलता कळले की ताई डिंगोऱ्याच्याच. त्याच आठवड्यापासून विमल त्यांच्याकडे शिवायला जाऊ लागली.

ताई अंगणवाडी सेविका म्हणून निवृत्त झालेल्या. जुन्नर-आंबेगावच्या कितीतरी अंगणवाड्यांत त्यांची कापडी खेळणी आहेत. त्यांच्या हत्तीचा एक पाय गोणपाटाचा, एक मखमलीचा, एक लोकरीचा आणि एक साध्या सुती कापडाचा असतो. हात फिरवूनच मुलांना खरखरीत आणि मऊ यातला फरक कळतो. डोळ्यांना त्या बटण लावत नाहीत, दोऱ्याने भरतात. बटण निघाले तर मूल गिळेल, ही त्यांची काळजी.

एकदा त्यांनी बिबट्या शिवला, सोबत हिरव्या कापडाचा ऊस. एका आईला ते आवडले नाही. "ताई, रानात हाय तेवढा पुरं न्हाई का? आता घरात पण बिबट्या?"

ताई शांतपणे म्हणाल्या, "भ्यायचं शिकवावं लागत न्हाई, बाई. काय करायचं ते शिकवावं लागतं." उसाच्या कडेने एकट्याने जायचे नाही, हे मुले त्या खेळातून शिकली.

दोन वर्षांपूर्वी विमल गेली. मी दूध डेअरीतून निवृत्त झालेला, मुळातच कमी बोलणारा. घरातून निघणेच बंद केले. विमलने शिवलेला शेवटचा हत्ती घरी होता, पोट उघडे, कापूस भरायचा राहिलेला. तो मी कपाटात ठेवला होता.

एके दिवशी ताई न भरलेल्या खेळण्यांची पिशवी घेऊन आल्या. सांत्वनाचे शब्द त्यांनी काढले नाहीत. "भाऊ, विमल कापूस भरायची. आता कोण भरंल? उद्यापासून तुमी या."

मी गेलो. भरलेले खेळणे सैल राहू नये म्हणून कापूस ठासून ठासून भरला. ताईंनी ते जमिनीवर आपटून पाहिले. "अवो, हा हत्ती हाय का वरवंटा? पोरं डोक्याखाली घेऊन झोपत्यात!" तिथे शिवायला बसलेल्या सगळ्या बायका हसल्या. विमल गेल्यानंतर मीही पहिल्यांदाच हसलो.

बऱ्याच दिवसांनी त्यांनी विमलने घरी नेलेल्या हत्तीबद्दल विचारले. मी म्हणालो, "तो कपाटातच राहू द्या, ताई. तिच्या हातचं तेवढंच उरलंय."

ताई म्हणाल्या, "तिनं पोरांसाठी शिवला व्हता, भाऊ. कपाटासाठी न्हाई. पण हत्ती तुमचा. तुमी ठरवा."

त्यांनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही. मला राग आला होता. पण रोज दुसऱ्यांचे हत्ती भरताना तो उघड्या पोटाचा हत्ती डोळ्यांसमोर यायचा. शेवटी मीच तो ताईंकडे नेला. कापूस मी भरला, हलक्या हाताने. पोट ताईंनी शिवले. येडगावच्या अंगणवाडीत मी स्वतः तो पोचवला. एका मुलीने लगेच त्याचा कान तोंडात घातला. त्या कापडाचा रंग जात नाही, याची मला खात्री होती.

आता तो हत्ती मधूनमधून दुरुस्तीला येतो. कधी सोंड उसवलेली, कधी कान. उसवले तेवढे मी शिवतो. पोट सोडले तर बाकीची शिवण विमलची आहे, ती पक्की आहे. कपाटात राहिला असता तर ती इतक्या वेळा माझ्या हातात आली नसती.

कुसुमताईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या नजरेला सुईचे नेढे असेच दिसत राहो, गुडघे त्यांना गावोगावच्या अंगणवाड्यांपर्यंत नेत राहोत. कापूस भरायला आम्ही आहोत.