भाजी निवडणाऱ्या बाई

"घे, निवड."

आमच्या शाळेतल्या समुपदेशनाच्या बाई समोर आलेल्या मुलाला पहिल्यांदा एवढंच म्हणायच्या. नाव विचारायच्या नाहीत, काय झालं तेही नाही. टेबलावर जुना पेपर पसरलेला असायचा, त्यावर मेथीची नाहीतर शेपूची जुडी. अर्धी मुलापुढं सरकवायच्या, अर्धी स्वतः घ्यायच्या. "न्हाय बोललास तरी चालतंय, खरं हात चालू ठेव." आमच्या भागात 'पण'ला 'खरं' म्हणतात, हे बेळगावकडच्या वाचकांना सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगितलं.

तुमच्यापैकी कुणी शाळेत नोकरी केली असेल, तर अशा माणसाचं स्टाफरूममध्ये काय होतं हे तुम्हाला माहीत आहे. आम्ही हसायचो. "आज बाईंच्या घरी शेपू दिसतोय," असं कुणीतरी म्हणायचं आणि बाकीचे चहाचे कप खाली ठेवून हसायचे. हे वाक्य मीही बोललोय. मी गणिताचा मास्तर. राहायला बेळगावात टिळकवाडीत, नोकरी शहराबाहेरच्या एका मराठी शाळेत. बाईंची खोली माझ्या वर्गाला लागून होती. मधली भिंत म्हणजे दोन कपाटं, त्यामुळं त्यांचं बोलणं मला ऐकू यायचं.

बाई मूळच्या निपाणीच्या. आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. वडिलांबद्दल त्या माझ्याजवळ एकदाच बोलल्या. "आमचा बा गावात लई गुणाचा माणूस. घरात आला की आम्ही तिघी भणी कोपरा धरायचो." एवढं बोलून त्यांनी शेपूची पुढची काडी उचलली. मी पुढं काही विचारलं नाही. विचारायचं असतं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

एकदा मला म्हणाल्या, "सर, पोरगी गणितात नापास झाली की तुम्ही घरी चिठ्ठी धाडता. घरच नापास झालं तर चिठ्ठी कुणाला धाडायची?"

सहावीतली एक मुलगी होती. शाळा सुटायची वेळ झाली की तिला उलट्या व्हायच्या. आम्ही पित्त म्हणून सोडून दिलं. बाईंनी दहा-बारा जुड्या निवडून कारण शोधलं. आईबाप सात महिने एकमेकांशी बोलत नव्हते, सगळे निरोप हिच्यामार्फत. "आईला सांग गॅस संपलाय." "बाबाला सांग डोळे हैत मला." एका घरातल्या दोन खोल्यांत ती पोरगी दिवसभर टपाल वाटत होती.

बाईंनी दोघांना शनिवारी शाळेत बोलावलं आणि मधे मेथी ठेवली. अर्धा तास दोघंही खाली बघून नुसती निवडत होती. मग नवऱ्यानं जाड काड्या तशाच पाल्यात टाकल्या.

"त्या काड्या कोण खाणार?" बायको म्हणाली.

"तू रोज घालतीस की भाजीत!"

झालं. दोघांचं जोरात जुंपलं. बाई उठून व्हरांड्यात आल्या, दार ओढून घेतलं आणि माझा हात धरून म्हणाल्या, "भांडाय लागले सर, भांडाय लागले!" डोळ्यांत पाणी होतं. मला हसू आलं. ते जोडपं पुढं चार शनिवार आलं. मुलीच्या उलट्या थांबल्या. शाळेच्या कुठल्याच अहवालात ही गोष्ट नाही.

नंतरची गोष्ट मात्र कागदावर आली. तीही खोटी.

नववीत एक मुलगी होती, भूमितीत फार हुशार. फळ्यावर वर्तुळ काढताना तिचा हात वर गेला आणि बाही कोपरापर्यंत सरकली. पट्ट्याचे वळ होते. जुने काळेनिळे, नवे लाल. तिनं बाही ओढली, माझ्याकडं बघितलं आणि वर्तुळ पूर्ण केलं. तास संपल्यावर मी तिला बाईंकडं पाठवलं आणि काय बघितलं ते बाईंना सांगितलं. एवढं मी केलं. वाचताना हे लक्षात असू द्या, कारण यापुढं मी काहीच केलं नाही.

मुलगी सहा दिवस नुसती भाजी निवडत बसली. सातव्या दिवशी बोलली. बाप आईला मारायचा आणि ही मधे पडायची.

हा बाप आमच्या शाळेच्या कमिटीवर होता. प्रत्येक कार्यक्रमात मराठी शाळा जगली पाहिजे म्हणून भाषण करायचा. आणि नुसतं भाषण नव्हे. पटसंख्या घसरली तेव्हा खेड्यांतून दारोदार फिरून यानं मुलं आणली होती. वाईट माणूस निरुपयोगी असता तर आमचं काम सोपं झालं असतं.

बाई पिरनवाडीला त्या मुलीच्या घरी गेल्या. बाप बाहेर होता. आईनं चहा केला आणि म्हणाली, "घरातलं हाय बाई, घरातच ऱ्हाऊ दे."

"व्हय," बाई म्हणाल्या, "खरं पोरीचा हात रोज शाळेत येतोय की."

नियमाप्रमाणं शाळेनं हे सरकारी बालसंरक्षण कार्यालयाला कळवायला हवं होतं. बाई हेडमास्तरांकडं अर्ज घेऊन गेल्या. हेडमास्तर भला माणूस. म्हणाले, "बाई, हे बाहेर गेलं तर पुढच्या वर्षी दोन वर्ग बंद पडतील. शाळा राहिली तर मुली शिकतील ना?" बाई म्हणाल्या, "ही एक राहिली तर ही शिकंल."

मग कमिटीची मीटिंग झाली, आम्हा शिक्षकांनाही बोलावलं होतं. बाप पांढऱ्या शर्टात आला, सगळ्यांना नमस्कार केला. "सायकलवरून पडली," म्हणाला. "बाई भल्या आहेत, जरा भावनेच्या भरात आहेत."

अध्यक्षांनी विचारलं, "कुणा शिक्षकानं काही बघितलंय का?"

बाईंनी माझं नाव घेतलं नाही. फक्त एकदा माझ्याकडं बघितलं. मी माझ्या बोटांवरचा खडू पुसत होतो. निवृत्तीला तीन वर्षं होती. त्या माणसाशी माझं रोजचं बोलणं होतं, माझ्या मुलीच्या लग्नात तो दिवसभर आमच्या मांडवात राबला होता. अशी कारणं माणसाला फार भराभर सुचतात.

"कुणी नाही," अध्यक्ष म्हणाले आणि तसं वहीत लिहिलं गेलं.

"मी बघितलंय," बाई म्हणाल्या. "लिवा." ते लिहिलं गेलं नाही.

आठवड्यानं बाईंना पत्र मिळालं. विद्यार्थ्यांकडून खाजगी घरकाम करून घेतल्याबद्दल त्यांची सेवा बंद करण्यात येत आहे. बाईंनी ते मला वाचायला दिलं आणि हसल्या. "ती भाजी शाळेच्या आयाला जायची सर. तिच्या घरात नऊ माणसं. मला एकटीला किती लागतंय?" इतकी वर्षं आम्ही ज्याला हसत होतो, ते हे होतं.

त्याच दुपारी त्यांनी शाळेच्या फाटकाबाहेर उभं राहून मुलांच्या मदतीच्या नंबरवर स्वतःच्या नावानं फोन केला. माणसं आली. मुलीनं त्यांच्यापुढं बाही वर केली, आणि तेव्हा कुठं आईला तोंड फुटलं. मायलेकी नंदगडच्या पुढं मामाच्या गावी गेल्या. बाईंनी घर फोडलं, असं गावभर झालं. बापानं प्रकृतीचं कारण देऊन कमिटी सोडली आणि वर्षभरात हार घालून घेऊन परत आला. केस अजून चालू आहे. बाईंच्या खोलीत झेरॉक्सचं मशीन बसलं. दारावरची 'समुपदेशन कक्ष' ही पाटी मात्र ठेवलीय, तपासणीला लागते.

बाई कुठं गेल्या, कुणी विचारलं नाही. कुणी निपाणी म्हणतं, कुणी संकेश्वर. त्यांचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. लावला तर काय बोलायचं हे ठरलं नाही, म्हणून लावला नाही.

परवा ती मुलगी शाळेत आली, कुठल्याशा दाखल्यावर हेडमास्तरांची सही घ्यायला. आता खानापूरला कॉलेजात सायन्सला आहे. उंच झालीय. अर्ध्या बाहीचा ड्रेस होता.

"सर, बाई कुठं असत्यात?"

"माहीत नाही गं. शाळा सोडली त्यांनी." सोडली, असं म्हणालो मी.

"मीटिंग झाली त्याच दिवशी बाई मला भेटल्या होत्या," ती म्हणाली. "मी पहिल्यांदा तेच विचारलं, सर काय म्हणाले? बाई म्हणाल्या, सर सांगाय उठले होते, खरं त्यांना बोलूच दिलं न्हाय. लई जणांनी गप्प बसवलं त्यांना." ती थांबली. "त्या फोनवाल्या माणसांपुढं मी बोलले ना सर, ते त्यामुळं. म्हटलं, शाळेत एक तरी माणूस आपल्या बाजूचा हाय."

बाईंनी ते खोटं माझी अब्रू राखायला सांगितलं नव्हतं. पोरीला कुणीतरी हवं होतं, आणि त्यांच्या हाताशी तेव्हा मीच होतो.

"हो ना सर? बोलू दिलं न्हाय ना?"

व्हरांड्यात झेरॉक्सच्या मशीनचा आवाज येत होता.

"हो," मी म्हणालो.

ती वाकली आणि माझ्या पाया पडली. पाय मागं घ्यायचंसुद्धा मला सुचलं नाही.