बहिणीच्या गालावरचा अश्रू

छप्पन साली हैदराबाद राज्याची वाटणी होऊन मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेव्हा एका मराठी साप्ताहिकात माझ्या थोरल्या बहिणीचा फोटो छापून आला. गालावर टपोरा अश्रू. तो मी पेन्सिलीने घातला होता. आता पंच्याऐंशी उलटली, म्हणून सांगून टाकतो.

हैदराबादच्या कोठी भागातल्या एका फोटो स्टुडिओत मी निगेटिव्हवर पेन्सिल फिरवायचो. पुरुषांना फार हात लावायचा नाही, बायकांना मात्र सोडायचं नाही, अशी रीत होती. गाल उजळायचे, कपाळावरची आठी घालवायची. आठी घालवण्यात हैदराबादेत माझ्या तोडीचा कोणी नाही, असं मीच सांगत फिरायचो.

अक्का सरकारी दफ्तरात कारकून होती. कुठल्या फायली औरंगाबादला जाणार, कुठल्या इथेच राहणार, याच्या याद्या ती करायची. औरंगाबादच्या नव्या कचेरीत तिला शाखेची प्रमुख व्हायचं होतं. तिच्या साहेबांनी तिकडे जाणाऱ्यांच्या यादीत तिचं नावही घातलं होतं.

त्या साप्ताहिकाच्या संपादकांना ताटातुटीचं चित्र हवं होतं, त्यांनी मला सांगितलं. मी अक्काच्या दफ्तरात गेलो. धुळीने तिच्या डोळ्यांत पाणी आलं, तिने पदर लावला, तेवढ्यात मी एक फोटो घेतला. दुसऱ्यात ती अंबाड्यात पेन्सिल खोचून गठ्ठ्यांवर उभी होती आणि तिच्या बोटाकडे बघत तीन चपराशी खोळंबले होते.

दुसरा फोटो संपादकांनी परत केला. "यात बाई कुठंय?" पहिल्याकडे बघून म्हणाले, "जरा ओलावा पाहिजे."

ओलावा मी पुरवला. वर स्वतःची पाठही थोपटली.

अंक साहेबांनी पाहिला. माणूस कनवाळू. बाईंचा जीव इथे गुंतलाय म्हणत त्यांनी औरंगाबादच्या यादीतून अक्काचं नाव खोडलं.

त्या संध्याकाळी अक्काने अंक माझ्यापुढे टाकला. "मी रडत होते?"

"छपाईत डाग पडला असेल."

"बरोब्बर डोळ्याखाली? उद्या साहेबांकडे चल. दुसरा फोटो घे आणि हे कुणी केलं ते सांग."

"माझं नाव खराब होईल, अक्का."

"मग तेही उजळून घे. हातखंडा आहे ना तुझा?"

उद्या-उद्या करत मी चार दिवस घालवले. पाचव्या दिवशी गेलो. साहेबांनी तो दुसरा फोटो बराच वेळ पाहिला. "मियाँ, ये तस्वीर पहले क्यों नहीं लाए?" यादी आदल्या दिवशीच मोहोर लागून गेली होती.

फोटो धुवायला वेळ लागला, असं मी सांगितलं. पेन्सिलीचं नाव काढलं नाही. अक्का शेजारीच उभी होती. तिने मला खोटं पाडलं नाही. टेबलाशी जाऊन तिने औरंगाबादचा पुढचा गठ्ठा ओढला आणि दोरी आवळून गाठ मारली.