दोन मुठी, दोन नळ्या

"वरची मूठ चांगली, आतली खराब. आन् ग्रेड लावता कोन्त्या मुठीवर? आतल्या. मले शिकवू नको, बाई."

"मी कापूस पाहून राह्यली का इथं? हात सोडा, नेमसिंगभाऊ."

"मंग दोन नळ्या कायले पाह्यजे?"

नेमसिंगने मनगट असं पिरगाळलं, की रक्त काढायला आलेल्या शीलाच्या मुठीतली रिकामी नळी फुटून काच तळहातात घुसली.

पांढरकवड्याच्या कापूस यार्डात वीस वर्षं त्याने गाड्या खाली केल्या होत्या. कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर गाडीच्या वरून एक मूठ घेई, पोटातून दुसरी; दुसरी काळी निघाली की अख्खी गाडी वाया. दोन हजार पाचच्या हंगामात भाव कोसळले तेव्हा लोकांनी एका ग्रेडरला दगडांनी ठेचलं, आणि पहिला दगड नेमसिंगचाच होता.

आता यवतमाळच्या दवाखान्यात त्याच्या उजव्या पायाची बोटं कोळशासारखी झाली होती. शेजारच्या खाटेवरच्या हरिसिंगच्या रक्ताच्या दोन नळ्या त्याने सकाळी पाहिल्या होत्या, एक लालभडक, एक काळपट. काळपट पाहूनच तो समजला, ह्याचा पाय कापणार. मग माझाही.

शीला मूळची नेरची. अठरा वर्षं रक्त काढत होती. एका रोग्याने तिचा अंगठा चावून फाडला होता, तरी दुसऱ्या दिवशी ती कामावर होती. डॉक्टरांना पाय काळा पडलेल्या रोग्यांचं धमनीतलं आणि शिरेतलं रक्त ताडून पाहायचं होतं. जिता पाय रक्तातला प्राणवायू खातो, म्हणून शिरेतून ते काळपट होऊन परततं. हरिसिंगचा पाय अजून खात होता.

नेमसिंगची बायको मथुराबाई सोडवायला आली, तर त्याने धडधाकट पायाने तिच्या पोटात लाथ घातली. ती भिंतीवर आपटली. "मारा," ती कण्हत म्हणाली, "वीस वर्षं बिड्या फुकून पाय मीच सडवला ना."

शीलाने खिशातून नवी नळी काढली आणि त्याच्या छातीवर गुडघा रोवला.

"आता हालले तर सुई आत मोडंल."

जांघेत आधी धमनी, मग बाजूची शीर. दोन्ही नळ्या भरल्या. तिने त्या उजेडात धरल्या आणि गुडघा त्याच्या छातीवरून काढला.

दोन्ही लालभडक. पायाने काही खाल्लंच नव्हतं.

नेमसिंग हसायला लागला. त्याने मथुराबाईला पदर धरून जवळ ओढलं. "पाह्य, वरची-आतली एकसारखी. एक नंबर माल. बाई, आता पाय राह्यते ना माहा?"

शीलाने नळ्या रक्ताळल्या मुठीत घेतल्या आणि ती वॉर्डाबाहेर डॉक्टरांकडे चालू लागली.