वायूच्या बर्फाची पिशवी

मी मुळातच धास्तीखोर माणूस. एस.टी. वेळेवर आली तरी मला वाटतं, ही आपली नसणार.

सत्तरच्या दशकात मी वाशीमच्या कॉलेजात फिजिक्स शिकवत होतो आणि डोक्यात मात्र सूर्यापासून फार लांबचे गोठलेले ग्रह. तिथे थंडी इतकी, की वायूसुद्धा गोठून बसतात. असा बर्फ वितळत नाही, थेट उडून जातो. हवेचा दाब कमी केला तर तो किती वेगाने उडतो, ते मला मोजायचं होतं. काचेची हंडी होती, तिच्यातली हवा काढायला एक खोकणारा पंप होता. नव्हता तो फक्त बर्फ.

तो करायची युक्ती सोपी. सोडावॉटरवाल्याकडचा कार्बन डाय-ऑक्साइडचा सिलिंडर उलटा करायचा, तोंडाला जाड कापडाची पिशवी बांधायची आणि चावी सोडायची. वायू कापडातून निघून जातो, आत पांढरा भुगा उरतो. पिशवी शिवायचं काम मी गावी, रिठदला, मायला सांगितलं. "जाड शीव, कण सांडला नाही पाहिजे," एवढंच बोललो.

नागपूरहून सर येणार होते. प्रयोग जमला तरच ते मला पीएच.डी.ला घेणार होते. सिलिंडर एकच. पोरांना आदल्या दिवशीच बजावलं, शिवाय फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं: बर्फाला हात लावू नये.

त्या दिवशी माय सकाळच्या गाडीनं पिशवी घेऊन स्वतःच आली. लेकाचं काम पाहायला भिंतीशी बसली.

सर आल्यावर मी चावी सोडली. पिशवी फुगली, फुगतच गेली आणि फाटकन उसवली. भुगा फरशीभर झाला. मायनं बियाण्याच्या थैलीसारखी दुहेरी शिवण घातली होती, वर आतून मेणकापडाचं अस्तर. वायूला जायला वाटच नव्हती. घाईत मी आत डोकावलोही नव्हतो.

मी झेपावलो सिलिंडरची चावी बंद करायला, माय धावली बर्फाकडे. सांडलेली ज्वारी भरावी तसा तिनं तो ओंजळीत भरला आणि घट्ट धरला.

"माय, टाक ते!"

"सांडंन ना रे," ती म्हणाली. चेहरा पिळवटला होता, पण ओंजळ सुटेना. शेवटी सरांनीच तिचे हात झटकले. मी अजून सिलिंडरची चावी धरून उभा होतो. याची मला आजही लाज वाटते.

"आधी आईंचे हात बघा, बर्फ पुन्हा होईल," सर म्हणाले. बर्फ खरंच पुन्हा झाला, सरांच्या टॉवेलमध्ये. नोंदी मिळाल्या, प्रवेशही मिळाला. मायच्या बोटांवर मात्र विस्तवानं भाजावं तसे टरारून फोड आले. कापूस वेचायचे दिवस तोंडावर होते.

स्टँडवर मी चिडूनच म्हणालो, "फळ्यावर लिहिलं होतं ना, हात लावू नये म्हणून!" माय कधी शाळेत गेली नव्हती, हे मला बोलून झाल्यावर आठवलं.

तिनं फडक्यात गुंडाळलेले हात पदराखाली घेतले.

"हात लावू नोको, हे मले इहिरीपासून देवळापर्यंत जलमभर सगळ्यायनं सांगतलं बाप्पा," ती म्हणाली. "आज सांगाचं होतं, तं तुनं नाई सांगतलं."